गाऊनची उलटी बाजू



दिवाळी झाली, चातुर्मास उठला की लग्नाच्या तिथी निघतात आणि मला दोन तऱ्हेचे फोन सुरू होतात. पहिला नवरीच्या आईचा : "भाभी, पोरगी म्हणते रिसेप्शनला गाऊनच हवा. पुण्याहून घ्यावा, भाड्याने आणावा, की आपल्याकडेच शिवून घ्यावा?" दुसरा एखाद्या आजेसासूबाईंचा : "तू लिहितेस ना, मग या गाऊनच्या फॅडवर एकदा लिहीच. आपली साडी काय वाईट आहे?" आपलं राजगुरुनगर तसं लहान गाव, पण पुढे चाकण, त्यापुढे भोसरी-पिंपरी आणि मग पुणे. पुण्यात आज जे दिसतं ते आपल्या हायवेवरच्या लॉन्सवर पुढच्या तिथीला हजर असतं.

दोघींनाही मी एकच उत्तर देते. गाऊन चांगला की वाईट हे सुलट्या बाजूवरून ठरवू नका. तो उलटा करा आणि आत बघा. आत कपडा किती सोडलाय, टाके कसे आहेत, अस्तर कशाचं आहे, हे बघितलं की तो गाऊन एका रात्रीचा आहे की दहा वर्षांचा हे लगेच कळतं. आणि माझं मत असं आहे की गाऊनवर बंदी घालण्यात अर्थ नाही, पण एका रात्रीचा गाऊन आपल्या घरात येऊ नये. शिवायचाच असेल तर आतून शिवावा. बाहेरच्या टिकल्यांचे पैसे कमी करून ते आतल्या शिलाईवर घालावेत. आपल्या जयणेच्या आणि अपरिग्रहाच्या शिकवणीलाही हेच धरून आहे, असं मला वाटतं.

गाऊन परका आहे का?

आधी आजेसासूबाईंचं म्हणणं घेऊ. गाऊन विलायती, हे खरंच. पण मराठी बाईचा हात त्याला लागून आता सत्तर वर्षं झाली. कोल्हापूरच्या भानू अथैया, माहेरच्या राजोपाध्ये, यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं, हे आपल्याला माहीत असतं. पण १९५५ च्या 'श्री ४२०' मध्ये नादिराच्या अंगावर दिसलेला तो घट्ट, चमचमता गाऊनही भानूताईंचाच. पुढे १९६८ च्या 'ब्रह्मचारी'मध्ये मुमताजला नाचता यावं म्हणून त्यांनी साडीच शिवून दिली, आत चेन लावून. आज 'रेडी टू वेअर साडी' म्हणून दुकानात मिळते ती कल्पना हीच. त्या साडीची सारी करामत आतल्या बाजूला होती. बघणाऱ्याला नुसती साडी दिसली.

आणि आपल्या मारवाडी बायकांना तर घेर, कळ्या, चोळी हे सगळं जन्मापासून माहीत. कळीदार घागरा शिवणारीला गाऊनचा घेर अवघड नाही. तेव्हा परका म्हणून नाकारायचं कारण मला पटत नाही. नाकारायचं असेल तर तो जसा शिवला जातो त्यासाठी नाकारा.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. इंग्रजीत याला इव्हिनिंग गाऊन म्हणतात, संध्याकाळनंतर घालायचा. आपल्यात बहुतेक घरी सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं, म्हणून रिसेप्शन साडेचार-पाचला सुरू. म्हणजे आपली नवरी हा रात्रीचा कपडा मे महिन्याच्या उन्हात, उघड्या लॉनवर घालते. वर जरीचं ओझं, आत नायलॉनचं अस्तर, त्याखाली टोचणारा कॅनकॅन. शिवाय स्टेजवर येणाऱ्या पन्नास-साठ मोठ्या माणसांच्या पाया पडायचं असतं. पॅरिसच्या शिंप्याने याचा विचार केलेला नसतो. तो आपल्याला करावा लागेल.

आत काय असतं

मी बी.कॉम. झालेली, शिवणकाम शिकले ते लग्नानंतर घरच्या उषा मशीनवर, पोरींचे फ्रॉक शिवता शिवता. पण उंची गाऊनची शिलाई कशी असते याचं मला फार कुतूहल. पॅरिसमध्ये तिला 'ओत कुतूर' म्हणतात. तिथे हा शब्द १९४५ पासून कायद्याने राखलेला आहे, कोणत्याही दुकानाला तो वापरता येत नाही. त्या शिलाईतल्या युक्त्या मात्र कोणालाही वापरता येतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा आपल्या जुन्या शिंप्यांना ठाऊक होत्या.

पहिली गोष्ट, महाग कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा नमुना शिवायचा. पूर्ण गाऊन नाही, निदान वरचा भाग तरी. तो मुलीच्या अंगावर चढवायचा, टाचण्या लावून सैल-घट्ट करायचा, त्यावरच पेन्सिलीने खुणा करायच्या आणि मग तो उसवून त्याचाच कागदासारखा उपयोग करून खरं कापड कापायचं. दोनशे रुपयांच्या मांजरपाटाने वीस हजारांचं कापड वाचतं. नमुना अंगावर असताना मुलीला खाली वाकायला सांगा, हात वर करायला सांगा, खुर्चीत बसायला सांगा. बाही ओढली गेली तर काखेत चौकोनी तुकडा घालायचा. आपल्या जुन्या कुडत्यात चौबगला असायचा तोच हा. पाया पडताना बाही उसवत नाही ती याच्यामुळे.

दुसरी, कच्चा टाका. टीप मारण्याआधी सगळ्या शिवणी हाताने धावदोऱ्याने जोडून घ्यायच्या, ट्रायल त्यावरच द्यायची. लोकांना वाटतं उंची गाऊन पूर्ण हाताने शिवतात. तसं नसतं, लांब टिपा मशीनवरच मारतात. हात लागतो तो टिपेच्या आधी आणि टिपेच्या नंतर. आधी कच्चा टाका, नंतर तुरपाई, चेन बसवणं, अस्तर अडकवणं. हे करायला वेळ जातो, म्हणून घाईच्या शिलाईत सगळ्यात आधी हेच गळतं.

तिसरी, आतला थर. हा अस्तराहून वेगळा. वरच्या कापडाचा प्रत्येक तुकडा जसा कापला तसाच एक तुकडा पातळ, ताठ कापडाचा कापायचा, दोन्ही एकमेकांवर ठेवून कच्च्या टाक्याने जोडायचे आणि पुढे दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवायचं. याने झिरझिरीत कापडाला अंग येतं, शिवणी ताणल्या जात नाहीत. सगळ्यात मोठा फायदा खालच्या काठाला. तुरपाईचा टाका आतल्या थरातच अडकतो, बाहेर एक ठिपका दिसत नाही. आपल्याकडे याऐवजी फ्युजिंग इस्त्रीने चिकटवतात. ते झटपट होतं, पण घामाने आणि धुण्याने पुढे त्याला फुगे येतात आणि मग तो गाऊन घालण्यासारखा राहत नाही.

चौथी गोष्ट मुलींनी नीट वाचावी. बिनबाह्यांचा किंवा रुंद गळ्याचा गाऊन सारखा वर ओढत बसलेली नवरी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिचा दोष नसतो, गाऊनला आत आधार नसतो. नीट शिवलेला गाऊन छातीवर किंवा खांद्यावर टांगलेला नसतोच, तो कमरेवर उभा असतो. आत एक सुती चोळी असते, तिच्यात उभ्या नळ्या शिवून पातळ बोन घातलेले असतात. आणि कमरेच्या बरोबर रेषेत एक न ताणणारी जाड पट्टी असते, तिला स्वतंत्र हुक. आधी पट्टीचे हुक लावायचे, मग चेन ओढायची. सगळं वजन त्या पट्टीवरून कमरेखाली उतरतं. चेनवर ताण नाही, खांद्यावर ओझं नाही, आणि मुलीला मोकळा श्वास घेता येतो. बोन नळीपेक्षा थोडे आखूड कापायचे, टोकं गुळगुळीत करायची, नाहीतर बसल्यावर पोटात टोचतात. आपल्यातल्या मुली बाह्या लावतात, गळा झाकतात, ते चांगलंच आहे. पण जरदोजीने जड झालेल्या बाह्यांच्या गाऊनलाही ही पट्टी हवीच, कारण ते वजन शेवटी खांद्यावरच येतं.

पाचवी, घेर. उरेब कापलेला घेर शिवल्या शिवल्या दुमडायचा नाही. निदान एक दिवस टांगून ठेवायचा. तिरप्या धाग्याचं कापड वजनाने उतरतं, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. ते उतरू द्यायचं, मग जमिनीपासून मापून काठ सारखा करायचा.

आणि सहावी, जिच्यासाठी मी हा सगळा लेख लिहिते आहे, ती म्हणजे मार्जिन. कुतूरच्या शिलाईत बाजूच्या शिवणीत इंचभर, कधी दीड इंच कपडा आत सोडतात. तयार गाऊनमध्ये पाव-अर्धा इंच उरतो आणि तोही ओव्हरलॉक मशीन कापून टाकतं. एवढ्या एका फरकावर गाऊनचं आयुष्य ठरतं. लग्नानंतर अंग भरतं, बाळंतपणानंतर आणखी भरतं. मार्जिन असलं तर दोन तासांत गाऊन मोठा होतो, धाकट्या बहिणीला द्यायचा तर लहान होतो. मार्जिन नसलं तर तो कपाटात लटकतो, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत आपण "एवढे पैसे घातलेत" म्हणून तो परत आत ठेवतो.

त्यात कोणकोण आहे

बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका बघितल्याशिवाय आपण ते घरात आणत नाही. जिलेटिन आहे का, अंडं आहे का, चष्मा लावून वाचतो. गाऊनच्या पोटात काय आहे हे मात्र आपण विचारत नाही.

जुन्या विलायती गाऊनची उलटी बाजू म्हणजे एक प्राणिसंग्रहालयच होतं. बोन म्हणजे खरोखर देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या. काठ ताठ करायला घोड्याच्या केसांची विणलेली पट्टी. १९२०-३० च्या सुमारास टिकल्या जिलेटिनच्या असत. खोट्या मोत्यांना चमक यायची ती माशांच्या खवल्यांच्या लेपाने. दोरा गुळगुळीत व्हावा म्हणून मधमाशांच्या मेणातून ओढायचा. यातलं बरंच आता बदललंय. बोन प्लास्टिकचे किंवा स्टीलचे, 'हॉर्सहेअर' नावाने मिळणारी पट्टी नायलॉनची, टिकल्या प्लास्टिकच्या. मेण मात्र अजून वापरतात, त्याची गरज नाही. दोरा हातभरच घ्या, गुंता होत नाही. शिंपल्यांची बटणं आणि पिसांची झालर हल्ली पुन्हा आली आहे. त्याला सरळ नाही म्हणा.

राहिलं रेशीम. आतल्या थराला कुतूरमध्ये सिल्क ऑर्गन्झा वापरतात, आणि आपल्याकडचे चांगले डिझायनरही तेच सुचवतात. याचा मी हिशोब मांडून पाहिला. साधारण ६ ते ८ किलो ओल्या कोषांतून १ किलो कच्चं रेशीम निघतं. एक कोष दीड-दोन ग्रॅमचा. म्हणजे किलोमागे चारेक हजार कोष, आणि प्रत्येक कोषातला जीव पतंग होऊन बाहेर यायच्या आत वाफेने किंवा गरम हवेने मारलेला, कारण तो बाहेर पडला तर धागा तुटतो. ऑर्गन्झा अगदी हलकं, चौरस मीटरला २५ ग्रॅमच्या आसपास. घेरदार गाऊनच्या आत ६ चौरस मीटर लागलं तर दीडशे ग्रॅम झालं. म्हणजे सहाशे जीव, तेही कोणालाच न दिसणाऱ्या थरासाठी. साडीतलं रेशीम निदान दिसतं तरी.

पूजेच्या वस्त्रात रेशीम असावं की नाही यावर आपल्यातच दोन मतं आहेत, त्यात मी पडत नाही, तो विषय महाराजसाहेबांचा. पुण्यातली ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था रेशीम, मोती, पिसं याबद्दल गेली कित्येक वर्षं सांगत आली आहे. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंगाला आधी बाहेर पडू द्यायचं आणि मग मागे राहिलेल्या कोषाचं सूत कातायचं अशी पद्धत बसवली, तिला अहिंसा रेशीम म्हणतात. ते कातलेलं असल्याने कमी चमकतं आणि महाग पडतं. पाळलेला पतंग तसाही उडू शकत नाही, तो थोड्या दिवसांत मरतोच, असा आक्षेप त्यावरही घेतात. माझं म्हणणं एवढंच की न दिसणाऱ्या जागी तरी रेशमाची काही गरज नाही. आपल्या आयांच्या काळात ऑर्गंडीच्या साड्या असायच्या, आठवतं? ताठ, पातळ, शुद्ध सुती. आतल्या थराला ऑर्गंडी उत्तम चालते, थोडी जड पडते इतकंच. आतली चोळी मलमलची किंवा कॅम्ब्रिकची करा. मे महिन्याच्या घामाला सुतासारखं दुसरं काही नाही. गाऊनची उलटी बाजू पूर्ण सुती करता येते, आणि मुलगी त्यात जास्त सुखी राहते.

कोणी म्हणेल, मग पॉलिएस्टर घ्या, त्यात कोणी मरत नाही. तेही इतकं सोपं नाही. दर धुण्याला त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात, आणि फेकलेला गाऊन कचऱ्यात वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. पाणी गाळून पिणाऱ्या घरांनी त्या पाण्याचाही विचार करायला हवा. म्हणून मी फिरून तिथेच येते. कपडा कशाचा याइतकंच तो किती वेळा घातला हेही मोजायला हवं.

एका घेराला दोन चोळ्या

पॅरिसच्या कुतूरचा मूळ पुरुष चार्ल्स वर्थ. एकोणिसाव्या शतकातला हा शिंपी मोठमोठ्या घरच्या बायकांना पुष्कळदा एका घेराबरोबर दोन चोळ्या शिवून द्यायचा. एक दिवसासाठी, बंद गळ्याची. एक रात्रीसाठी, रुंद गळ्याची. श्रीमंतांचं एवढं व्यवहारी डोकं, आणि आपण मात्र मध्यमवर्गात एकसंध गाऊन घेतो जो दुसऱ्यांदा घालताच येत नाही.

माझा आग्रह असा की गाऊन दोन भागांत शिवा. घेर वेगळा, वरचा भाग वेगळा, कमरेच्या आतल्या पट्टीला हुकांनी जोडलेले. रिसेप्शनला तो गाऊन. पुढच्या वर्षी दिराच्या लग्नात तोच घेर ओढणीबरोबर घागरा म्हणून. वरचा भाग साडीवर ब्लाऊज म्हणून. बघणाऱ्याला कळतही नाही.

इथेच पैठणीबद्दल बोलते, कारण हल्ली आईची पैठणी कापून गाऊन शिवायची टूम निघाली आहे. मला हे बघवत नाही. येवल्या-पैठणचा विणकर एका साडीसाठी महिनोन्‌महिने मागावर बसतो. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच हातांमुळे. रेशमाचा प्रश्न आहेच, पण जी साडी घरात आधीच आहे, जिच्यातले जीव गेलेलेच आहेत, ती कापून एका दिवसात संपवणं म्हणजे दुसऱ्यांदा वाया घालवणं. गाऊनसारखी दिसायला हवी असेल तर आत सुती परकर आणि चोळी शिवा आणि पैठणी तिच्यावर चुण्या घालून, हाताने, लांब धावदोऱ्याने अडकवा. कात्री नाही, मशीन नाही, चिकटवणं नाही. समारंभ झाला की दोरा ओढा, साडी अखंड परत. भानूताईंनी साडी शिवून दाखवली होती, आपण ती उसवताही येईल अशी शिवायची.

पैसे कुठे जावेत

आता कॉमर्सवालीचा हिशोब. समजा गाऊन चाळीस हजारांचा, घातला एकदा. एका वेळेचे चाळीस हजार. समजा तोच नीट शिवून पन्नास हजारांचा झाला, पण दोन भागांत, मार्जिन सोडून, आणि दहा वर्षांत तुम्ही, बहीण, नणंद मिळून आठ वेळा वापरला. एका वेळेचे सव्वासहा हजार. महाग कोणता? भाड्याचा गाऊनही वाईट नाही, कपाट भरत नाही. पण तो दुसऱ्याच्या मापाचा असतो, मागून टाचण्या लावून उभं राहावं लागतं. ज्यांना मापाचा हट्ट नाही त्यांनी खुशाल भाड्याने आणावा.

ते वरचे दहा हजार कोणाला मिळतात हेही बघा. टिकल्यांचे तयार पॅच लावले तर ते कारखान्याला जातात. हातशिलाईला दिले तर आपल्याच गावातल्या कोणा बाईला. मुंबईत चाणक्य ही भरतकामाची संस्था १९८४ पासून आहे, जगातली मोठमोठी फॅशन घराणी तिच्याकडून काम करून घेतात. आरी आणि जरदोजी हे परंपरेने पुरुष कारागिरांचं काम, म्हणून बायकांना शिकवायला त्यांनी २०१६ मध्ये चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्ट काढलं. ३० मार्च २०२३ ला पॅरिसच्या दिओरने आपला शो गेटवे ऑफ इंडियासमोर केला, तेव्हा त्या कपड्यांवर या संस्थेचं भरतकाम होतं. म्हणजे पॅरिसला जे हात लागतात ते इथलेच आहेत. आपल्या तालुक्यात घरोघरी ब्लाऊज शिवणाऱ्या, आरी वर्कचा क्लास केलेल्या कितीतरी बायका आहेत. त्यांना कच्चा टाका येत नाही असं नाही. त्यांना त्याचे पैसे कोणी देत नाही. "शिलाई एवढी कशी?" म्हणून आपण दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो आणि डेकोरेटरला मात्र एका शब्दाने विचारत नाही.

तेव्हा शिवायला टाकताना घाई करू नका, निदान दोन महिने द्या आणि हे विचारा :

मांजरपाटाचा नमुना करणार का?
कच्च्या टाक्यावर ट्रायल देणार का? निदान दोनदा?
बाजूच्या शिवणीत इंचभर मार्जिन सोडणार का?
कमरेला आतून पट्टी आणि हुक लावणार का?
आतला थर कशाचा? ऑर्गंडी चालेल का?
वरचा भाग आणि घेर वेगळे होतील का?
हातशिलाईचे वेगळे पैसे किती?

शेवटचा प्रश्न स्वतःहून विचारा. समोरच्या बाईच्या चेहऱ्यात फरक पडलेला तुम्हाला दिसेल.

आणि समारंभानंतर गाऊन हँगरला टांगू नका, वजनाने खांदे उतरतात. अस्तर ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून, धुतलेल्या मलमलच्या जुन्या ओढणीत गुंडाळून आडवा ठेवा. वर चिठ्ठी ठेवा : मार्जिन किती आहे, कोणी शिवला. पुढे ज्या पोरीच्या हातात तो येईल तिला उपयोग होईल.

आजेसासूबाई, तुमची नात गाऊन घालणार हे नक्की. तुम्ही एवढंच करा, तो घरी आला की चष्मा लावा आणि आधी उलटा करून बघा. तुमच्याइतकी शिलाईची पारख घरात कोणालाच नाही.

जय जिनेंद्र.